पट्टीखालचा रंग

आमच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, १९८६ सालची, मलईच्या रंगाची. मारुती रस्त्यावर येऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि पेठेतील बहुतेक व्यापाऱ्यांचे लक्ष तिकडेच लागले होते. तरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पद्मिनीच घेतली. जिचा दरवाजा लावताना हाताला वजन लागते ती गाडी, असे त्यांचे मत होते. सांगलीत आमचा हळदीचा अडतीचा व्यवसाय आहे, आणि हळकुंड हातात घेऊन त्याच्या वजनावरून आतला माल सांगणाऱ्या माणसाचे गाडीविषयीही असे मत असावे, यात नवल नाही.

आईला डोकेदुखीचा त्रास होता. गाडीत बसले की इंजिनाचा आवाज आणि पायाखालून येणारी धग यांमुळे तो वाढे. कुंभोजला जाऊन यायचे म्हटले तरी परतल्यावर ती अंधाऱ्या खोलीत पडून राही. १९९५ च्या दिवाळीच्या सुट्टीत अण्णांनी यावर स्वतःच उपाय केला. बॉनेटच्या आतल्या बाजूस आणि पायाखालच्या पत्र्यावर त्यांनी जाड नमदा चिकटवला. चारही दारांच्या चौकटींना कडेने स्पंजाच्या पट्ट्या लावल्या. नमद्यासाठी चपलांच्या कारागिराकडून पिवळे सोल्युशन आणले होते आणि पट्ट्यांसाठी सायकलच्या पंक्चरचे. तीन दिवस आमच्या अंगणात त्या वासाखेरीज दुसरा वास नव्हता. त्यानंतर मात्र आई गाडीत बसून गप्पा मारू लागली. पुढची बारा वर्षे, ती होती तोवर, त्या पट्ट्यांना कोणी हात लावला नाही. आणि ती गेल्यावर हात लावण्याचा विषयच निघाला नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गावात शिरले. आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली होती. आम्ही माणसे आणि वह्या वरच्या मजल्यावर नेल्या. गाडी खालीच राहिली. पाणी तिच्या सीटपर्यंत चढले आणि कित्येक दिवस तसेच राहिले. ओसरल्यावर इंजिन उघडून साफ केले, सीट उन्हात टाकल्या, गाडी सुरूही झाली. पण आतला कुबट वास जाईना. कारण उघड होते. पायाखालच्या नमद्याने नदी शोषून घेतली होती आणि पत्रा रात्रंदिवस त्या ओल्या गादीखाली होता. आवाज अडवणारी वस्तू ओल धरू लागली की पत्र्याची शत्रू होते. वरून गाडी चकचकीत दिसते आणि खालून ती गंजाने खाल्ली जात असते. बॉनेटखालचा नमदाही दमटपणाने सुटून मध्यभागी लोंबू लागला होता, आणि तो तापलेल्या एक्झॉस्टला टेकला असता तर प्रकरण पेट घेण्यापर्यंत गेले असते.

मी विकायचे ठरवले. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या गाड्या हौसेने बाळगतात. त्यांच्याशी बोलणे झाले, पाच हजार रुपये विसार म्हणून आले. अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांना मी विचारले नाही, सांगितले. ते ‘बरं’ एवढेच म्हणाले. खरेदीदाराची अट एकच होती: आतला सारा नमदा आणि पट्ट्या काढून गाडी द्यायची, म्हणजे पत्रा डोळ्यांनी पाहता येईल. अट रास्त होती. मालाचे पोते उसवून दाखवा, असे म्हणणारा गिऱ्हाईक वाईट नसतो.

२०२० च्या जानेवारीतल्या एका रविवारी मी कामाला लागलो. ड्रायव्हरच्या बाजूच्या चौकटीवरील पट्टी ओढली. स्पंज हातात आला, पण त्याचा तळ रंगावरच राहिला. पंचवीस वर्षांत सोल्युशन वाळून लाखेसारखे कडक झाले होते. नखाने निघेना, ओल्या फडक्याने निघेना. रंगाच्या दुकानातून थिनर आणले, फडक्याचा बोळा त्यात भिजवला आणि घासू लागलो. सोल्युशन झरझर सुटू लागले. मला कामाचा मोठा आनंद वाटला. मग फडक्याकडे पाहिले. ते मलईच्या रंगाचे झाले होते.

चौकटीवर तळहाताएवढ्या जागेत करड्या प्रायमरचा डाग उमटला होता आणि त्याच्या कडेने रंग वितळून ओघळला होता. ओघळ थांबवायला मी बोट लावले, तर बोटाचा ठसा रंगात उमटला. तो आजही आहे.

त्या क्षणी मनात काय आले, ते लिहितो. कारण ते लिहिल्यावाचून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. डाग दाराच्या चौकटीवर होता, पट्टीच्या जागी होता. त्यावर नवी पट्टी चिकटवली की कोणाला दिसणार नव्हता. ‘एवढ्या दोन पट्ट्या पावसाचे पाणी येऊ नये म्हणून नव्या लावल्या आहेत’ असे सांगता आले असते. ते वाक्य खोटेही ठरले नसते. मी घरातून कात्री आणायला निघालोच होतो.

थिनरच्या वासाने अण्णा बाहेर आले होते. त्यांनी डाग पाहिला, माझ्या हातातले फडके पाहिले. “थिनर लावलंस होय,” म्हणाले. मग जरा थांबून, “त्यांना फोन कर. आजच कर.”

आमच्या व्यवसायात पोत्यात परखी खुपसून आतला नमुना काढतात. वरचा थर कोणीही सजवू शकतो, हे साऱ्या बाजाराला ठाऊक असते. अण्णांना तेवढे दोनच शब्द पुरे होते आणि मलाही. मी फोन केला, झाले ते सांगितले. ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “आता आणखी काही घासू नका. मी मार्चअखेरीस येऊन पाहतो.”

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मिरजेच्या चाचांना बोलावणे पाठवले. १९९४ मध्ये आमची गाडी त्यांनीच पुन्हा रंगवली होती, हे मी साफ विसरलो होतो. चाचांचे हात आता थरथरतात, पण त्यांनी डाग पाहताच निदान केले. “शेठ, हा एन. सी. रंग आहे. यावर थिनर म्हणजे मिठावर पाणी.”

त्यांनी जे समजावले, ते मी माझ्या शब्दांत मांडतो. कारण अनेक घरांत अजून एखादी जुनी गाडी, स्कूटर किंवा वडिलांची तिजोरी असते आणि तिच्यावर काही ना काही चिकटलेले असते. नायट्रोसेल्युलोजचा रंग, ज्याला पूर्वी सरसकट ‘ड्युको’ म्हणत, तो केवळ थिनर उडून गेल्याने वाळतो. त्याच्यात दुसरा काही बदल घडत नाही. म्हणून तो दहा वर्षांनी असो की तीस वर्षांनी, पुन्हा थिनर लागताच पूर्ववत पातळ होतो. एनॅमलचे तसे नाही. तो हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. एकदा पक्का झाला की विरघळत नाही, पण कडक थिनर लावल्यास फुगतो आणि सुरकुततो. हल्लीच्या गाड्यांचा रंग कारखान्यात भट्टीत भाजलेला असतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये मारलेल्या रंगात हार्डनर मिसळलेला असतो. हे दोन्ही त्या मानाने चिवट असतात; तरी त्यांच्यावरही थिनर घासत बसणे शहाणपणाचे नाही. तेव्हा पहिला प्रश्न ‘गोंद कशाने निघेल’ हा नसून ‘रंग कोणता आहे’ हा आहे. तो सोडवण्यास एक मिनिट पुरते. कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यात, कापसाच्या काडीला थेंबभर थिनर लावून हलकेच फिरवावे. कापसावर रंग आला, तर थिनरचा डबा बंद करून दुकानदाराला परत द्यावा. मी हे एक मिनिट वाचवले होते.

दुसरा प्रश्न गोंदाचा. इथे चाचांपेक्षा अण्णांची स्मरणशक्ती कामास आली. पट्ट्यांना पंक्चरचे सोल्युशन, नमद्याला पिवळे, हे त्यांना पंचवीस वर्षांनी लख्ख आठवत होते. पंक्चरचे सोल्युशन म्हणजे पेट्रोलच्या जातीच्या द्रवात विरघळवलेले साधे रबर. ते मिनरल टर्पेंटाइनने मऊ पडते, आणि टर्पेंटाइनने एन. सी. रंग विरघळत नाही. म्हणजे दारांपुरती तरी वाट मोकळी होती. पिवळ्या सोल्युशनचे मात्र कोडे होते. त्यातले रबर वेगळे, त्याला टर्पेंटाइन फारसे जुमानत नाही. ते ज्या टोल्यूनसारख्या द्रवात सुटते, तेच थिनरमध्येही असते. गोंदाचे औषध आणि रंगाचे विष एकाच बाटलीत. तिथे उष्णता आणि सबुरी एवढीच दोन साधने उरत होती.

चाचांनी डागावर रंग मारून द्यायची तयारी दाखवली. पण पंचवीस वर्षे उन्हात पिकलेल्या रंगाशी नवा रंग जुळणार नाही, हेही त्यांनीच सांगितले. अण्णा म्हणाले, “गंज धरू नये एवढं करा. बाकी राहू दे.” चाचांनी डागावर पारदर्शक वॉर्निशचा हात दिला आणि ते चहा घेऊन गेले.

त्यानंतर सौद्यांचे दिवस सुरू झाले आणि गाडी तशीच राहिली. मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू आला आणि तीन दिवसांनी सारा देशच बंद झाला. बाजार बंद, तोलार-हमाल घरी, पुण्याचे गृहस्थ पुण्यात. माझ्या आयुष्यात अण्णांबरोबर सलग इतके दिवस मी कधी घालवले नव्हते. लहानपणी ते पेठेत असत आणि मोठेपणी आम्ही दोघेही पेठेत असू, मध्ये काटा आणि पोती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते एके सकाळी खुर्ची घेऊन गाडीपाशी बसले आणि सुनेला म्हणाले, “तुझं ते केस वाळवायचं यंत्र दे जरा.”

पद्धत अशी ठरली. आधी बॅटरीची तार सोडायची. मग हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून एका जागी न ठेवता, पट्टीच्या हातभर लांबीवर मागे-पुढे फिरवायचा. किती तापवायचे, तर हाताची मागची बाजू पत्र्याला जेमतेम सहन करील इतके. कारागीर वापरतात ती हीट गन अण्णांनी हातात घेऊ दिली नाही, आणि ते योग्यच होते. तिची हवा कित्येक पटींनी तापते आणि रंगाला फोड यायला काही क्षणच पुरतात. गोंद सैल झाला की पट्टीचे टोक उचलायचे आणि ते वर न खेचता, पत्र्याला समांतर, स्वतःवरच दुमडत हळूहळू मागे न्यायचे. सरळ वर ओढले तर स्पंज तुटतो, किंवा कमकुवत रंग त्याच्याबरोबर उचलला जातो. जिथे स्पंज जाड होता, तिथे पतंगाच्या नव्हे, तर मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याचे दोन्ही टोक बोटांना गुंडाळून करवतीसारखा खालून फिरवला. (आमच्या घरात मासेमारीचा दोरा कसा, असा प्रश्न वाचकांना पडेल. हळदीचे नमुने बांधायला तो फार चांगला, एवढेच सांगतो.)

खरवडायला लोखंडाचे काहीही घ्यायचे नाही, हा अण्णांचा दंडक. पुट्टीची पट्टी नाही, ब्लेड नाही, चमचाही नाही. मुदत संपलेले बँकेचे कार्ड आणि बांबूची तासलेली चीप, या दोन हत्यारांवर चारही दारे निघाली. कार्डाची कड बोथट झाली की कात्रीने अंगुळभर कापून नवी कड घ्यायची. मागे राहिलेल्या गोंदावर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस पाच-सात मिनिटे नुसता ठेवून द्यायचा. घासायचे नाही, भिजू द्यायचे. मग अंगठ्याने लाटल्यासारखे केले की गोंदाच्या शेवया होऊन सुटत. ड्रायर आणि टर्पेंटाइन एका वेळी कधीच नाही. पत्रा पूर्ण निवल्यावरच बाटलीचे झाकण उघडायचे. शेवटी साबणाच्या पाण्याने पुसून घ्यायचे, कारण टर्पेंटाइनचा तेलकट थर राहिला तर त्यावर धूळ बसते.

एक दार म्हणजे एक सकाळ. मी पहिल्या दारापाशी दोनदा म्हणालो की एवढ्या वेळात तर सगळी गाडी झाली असती. अण्णांनी उत्तर दिले नाही. फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या त्या डागाकडे पाहिले.

तिसऱ्या दिवशी, मागच्या डाव्या दाराची पट्टी सुटल्यावर, मी ड्रायर बंद केला. पट्टीखालचा रंग उघडा पडला होता. आजवर आम्ही ज्याला गाडीचा रंग समजत होतो, तो त्यापुढे पिवळट आणि मरगळलेला दिसत होता. पट्टीखालचा बोटभर रुंद पट्टा ताज्या सायीसारखा होता. त्याला १९९५ नंतर ऊनच लागले नव्हते. आई याच बाजूला बसत असे. अण्णा बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, “असा होता. मला वाटत होतं, मीच विसरलो.” रबिंग कंपाउंडने बाहेरचा रंग थोडा उजळला असता, पण एन. सी.चा थर पातळ असतो आणि जास्त घासल्यास प्रायमर वर येतो. आम्ही केवळ मेण लावले. ते पट्टे आज दार उघडले की दिसतात.

नमद्याचे काम मात्र कटकटीचे. ते वाळके ओढले की धूळ आणि बुरशी उडते. आणि जुन्या काळच्या आवरणांत काय काय मिसळलेले असे, याची खात्री देता येत नाही. म्हणून पाण्याचा फवारा मारून, तोंडाला रुमाल बांधून, तुकड्या-तुकड्यांनी काढले. त्या दिवसांत रुमाल बांधण्याची सवय झालीच होती. पायाखालचा पत्रा निघाला तेव्हा एका जागी रुपयाएवढे भोक होते आणि भोवती गंजाचे पापुद्रे. इथे रंग वाचवण्याचा प्रश्न उरला नव्हता. घासून, रेड ऑक्साइड लावून ठेवले. भोकाला जूनमध्ये पत्र्याचे ठिगळ लावून घेतले. आणखी दोन पावसाळे नमदा तसाच राहिला असता, तर पाय रस्त्याला टेकले असते. काही गाड्यांत कारखान्यातूनच तळाला डांबरी थर दिलेला असतो. तो उष्णतेने चिकट होऊन पसरतो, म्हणून जाणकार तो उलट गोठवतात. कोरडा बर्फ ठेवला की तो ठिसूळ होतो आणि लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने तडकतो. त्यासाठी दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या लागतात, कारण कोरड्या बर्फातून निघणारा वायू बंद जागेत गुदमरवतो. आमच्या पद्मिनीवर तो प्रसंग आला नाही.

बॉनेटखालचे पिवळे सोल्युशन पूर्ण निघाले नाही, हे कबूल करतो. ड्रायरने मऊ करून कार्डाने जेवढे उचलले गेले तेवढे उचलले. उरलेल्याचे तपकिरी ओरखडे नकाशासारखे तिथे आहेत. थिनरची बाटली घरातच होती. अण्णांनी ती उचलून स्वतः कपाटात ठेवली आणि म्हणाले, “डाग राहिला तर गाडीचा. रंग गेला तर आपला.” मी त्यावर वाद घातला नाही, जरी बॉनेट कोण उघडून पाहणार आहे, हा प्रश्न माझ्या ओठांवर होता.

पुण्याच्या गृहस्थांचा मे महिन्यात फोन आला. त्यांच्या स्वतःच्या व्यवसायाची घडी विसकटली होती. त्यांनी संकोचाने विचारले, व्यवहार पुढे ढकलता येईल का. मी अण्णांकडे पाहिले. ते वर्तमानपत्र वाचत होते, किंवा तसे दाखवत होते. मी विसाराचे पाच हजार त्याच दिवशी परत पाठवले आणि पुढची तारीख मागितली नाही. वहीत ती नोंद अण्णांनी स्वतःच्या अक्षरात केली.

बॉनेटखाली नवा नमदा बसवावा, असे मुलाचे म्हणणे पडले. हल्ली तयार पट येतात, आगीला दाद न देणाऱ्या कापडाचे, आणि ते चिकटवायचे नसतात. प्लास्टिकच्या खिट्ट्यांनी अडकवतात आणि हवे तेव्हा काढून धुतात. आम्ही दर मागवला आहे. पायाखाली मात्र आता सुटी रबरी चटई असते, जी पावसात उचलून वाळत घालता येते.

जूनमध्ये निर्बंध सैल झाल्यावर एका सकाळी अण्णांना घेऊन हरिपूरला, संगमावर गेलो. चिंचेच्या सावलीतला तो रस्ता लहानच आहे. नमदा गेल्याने गाडीत इंजिनाचा आवाज भरून राहिला होता. मला बोलायला ओरडावे लागत होते आणि अण्णांना तसेही कमी ऐकू येते, म्हणून मी गप्पच होतो. वाटेत त्यांनी हात वर करून मला थांबण्याची खूण केली. गाडी बाजूला घेतली. त्यांनी मान तिरकी करून कान दिला.

“टॅपेट वाजतंय,” ते म्हणाले. “किती वर्षांपासून वाजतंय कोण जाणे. उद्या मिस्त्रीला दाखव.”